लेंड्या न टाकणाऱ्या मेंढ्या

“तुमच्या मेंढ्या लेंड्या कावून टाकत न्हाईत?”

एवढाच सवाल. पण तो फिनलंडला जाऊन, गेमच्या कंपनीत, सगळ्यांसमोर माईक हातात धरून विचारायचा, अशी पैज योगितानं धनश्रीला घातली. तीसुद्धा चकलांब्याच्या बसथांब्यावर, चार म्हाताऱ्या आणि एक कंडक्टर कान देऊन ऐकत असताना.

“विचारलास तर तू आमची सरदारीण,” योगिता म्हणाली. “न्हाई विचारलास तर दिवाळीनंतर शाळेत तोंड झाकून येजो. मास्क लावून.”

“अगं, करोना कवाच गेला की,” वैष्णवी म्हणाली.

“हिच्यासाठी परत आणू.”

धनश्री हसली. दोघींनी टाळ्या मागितल्या, तिनं दिल्या. गाडी आली, तिघी चढल्या, आणि गेवराईच्या शाळेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत बसली. हसू आलं होतं खरं, पण ती पैज तिला नको होती, आणि का नको ते तिघींनाही ठाऊक होतं.

आता हे फिनलंड कुठून उगवलं, ते सांगायला हवं.

‘लॅम्बलेन’ नावाचा मोबाइलवरचा मेंढरांचा गेम. खेळणाऱ्याला एक झोपडी मिळते, एक कळप आणि गव्हाचा एक पट्टा. त्यात एक बटण असं, की ते दाबलं की आपला कळप रात्रीपुरता मैत्रिणीच्या रानात मुक्कामाला जातो आणि सकाळी त्या रानावर एक लालभडक बदाम उगवतो. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला बदाम दिसला की त्याचा अर्थ एकच, प्रेम. पण रानात रात्रभर मेंढरं बसली, याचा अर्थ चकलांब्यात वेगळा होतो. लेंडीखत!

धनश्रीचे वडील बिभीषण दरसाल दिवाळीच्या तोंडावर मेंढरं घेऊन माजलगावच्या बाजूला निघतात. वाटेवरचे शेतकरी आधीच सांगून ठेवतात, “पाव्हणं, यंदा आमच्या रानात बसवा बरं का.” मग दिवस मावळला की रानात वाघूर ताणायची, म्हणजे जाळीचं कुंपण. मेंढरं आत बसतात, रातभर आपलं काम करतात, सकाळी रान काळंभोर दिसतं. बदल्यात शेतकरी ज्वारी देतो, गहू देतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला रोखठोक व्यवहार.

गेममध्येही या तिघींनी तेच केलं. कळप आज योगिताच्या रानात, उद्या वैष्णवीच्या. जिच्या रानात बसला तिनं गव्हाचं पोतं पाठवायचं. यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. भांडणं मात्र रोज.

“काल बी तिच्याच रानात बसवलीस? माझं रान काय सावत्र हाय?”

“तुझं पोतं कुठं आलं अजून?”

असं भांडता भांडता त्यांच्या रानांवर इतके बदाम उगवले, की खालचा गहू दिसेना. आणि एक दिवस कंपनीनं जाहीर केलं, जगातले सर्वांत प्रेमळ शेजारी चकलांबा नावाच्या गावात राहतात! तिघींपैकी एकीनं कंपनी बघायला फिनलंडला यावं, सोबत एका मोठ्या माणसाला आणावं, खर्च आमचा.

चिठ्ठ्या टाकल्या, धनश्रीचं नाव निघालं. पासपोर्टासाठी बिभीषणनं चकरा मारमारून चप्पल झिजवली. इंग्रजीच्या नीलम्मा मॅडम सोबतीला तयार झाल्या. पेपरात फोटो आला, शाळेत शाल-नारळ झाला, आणि एरवी मागच्या बाकावर बसणारी धनश्री माईकसमोर अशी काही बोलली, की मुख्याध्यापकांचं भाषण त्यापुढं पाणचट झालं. त्या दिवसापासून ती मान वर करून चालू लागली.

मग ती पैज का नको होती? सांगते. पाचवीत ती गेवराईच्या शाळेत आली, तेव्हा वडील काय करतात या प्रश्नाला तिनं सरळ उत्तर दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं ‘लेंडी’. लेंडी, पेन दे. लेंडी, सरक तिकडं. ते नाव निघायला फिनलंड उगवावं लागलं. आणि आता योगिताची पैज अशी, की तेच नाव स्वतःच्या तोंडानं, जगापुढं, पुन्हा अंगावर घ्यायचं.

योगिताचा हेतू वाईट नव्हता. तिला खरोखरच शंका आली होती. वैष्णवीशी भांडून तिनं एकदा आपल्या पट्ट्यात मुद्दाम मेंढरं बसू दिली नव्हती, तरी तिथं गहू आधीएवढाच आला. “गेमात खत न्हाईच गं! बदाम नुसता बदामच हाय,” ती म्हणाली. “आपण येड्यावानी पोती वाटत बसलोत.”

निघायच्या दिवशी बिभीषणनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. “धना, तिथं मेंढरांचं काढू नकू. शेतकऱ्याची लेक हाय म्हणावं. तेवढंच बरं दिसतंय.”

“हो, आबा,” धनश्री म्हणाली. 

फिनलंडमध्ये ऊन होतं, पण नुसतं दाखवायला. नीलम्मा मॅडमनी दोन स्वेटर, त्यावर शाल, त्यावर कंपनीनं दिलेलं जाकीट असं सगळं चढवलं होतं, आणि त्यांच्या पिशवीतल्या धपाट्यांचा वास टॅक्सीभर पसरला होता. कंपनी म्हणजे लाल विटांची जुनी इमारत. दारात बूट काढायचे, अशी तिथली रीत.

“बघ, संस्कार,” मॅडम खूश झाल्या. “देवळासारखंच आहे.”

धनश्रीनं बूट काढले, तर उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर. तो अंगठा दुमडून ती जगातल्या आपल्या सगळ्यात लाडक्या गेमच्या घरात शिरली. भिंतींवर मेंढ्या, कपांवर मेंढ्या, कोपऱ्यात माणसाएवढी कापसाची मेंढी. आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर ते तिघींचं रान! धनश्रीच्या अंगावर काटा आला. तिनं अंगठाही सोडून दिला.

आयनो नावाची उंचच उंच बाई पुढं आली. गेम तिच्या डोक्यातून निघालेला. तिनं धनश्रीचे दोन्ही हात धरले आणि भराभर बोलू लागली. मॅडम मराठीत सांगू लागल्या.

“त्या म्हणतात, त्या लहानपणी आडबाजूला राहायच्या. खेळायला कुणी नसायचं. म्हणून त्यांनी ते मुक्कामाचं बटण केलं. पण ते कुणी दाबेचना. काढून टाकणार होते. तेवढ्यात तुम्ही तिघी आलात.”

आयनोच्या डोळ्यांत पाणी होतं. मेले, धनश्रीच्या मनात आलं. या बाईसमोर लेंड्यांचं काढायचं कसं?

मग टेबलाभोवती सगळे जमले. टेबलावर कापसाची एक छोटी मेंढी आणि काचेच्या वाडग्यात काळ्या गोळ्या. तिथला खाऊ, चवीला खारट. मॅडमनी एक तोंडात टाकली आणि त्यांचं तोंड असं झालं, जणू फळ्यावर व्याकरणाची चूक दिसली. धनश्रीच्या हाती माईक आला. मॅडमनी लिहून दिलेलं भाषण पाठ होतं. मैत्री हा अनमोल ठेवा आहे, इथपासून सुरुवात. ती सुरूही झाली. चुकली नाही, अडली नाही. टाळ्या पडल्या. झालं, सुटले, असं म्हणून ती माईक ठेवणार, तोच मागून एका दाढीवाल्यानं हात वर केला.

मॅडमनी भाषांतर केलं. “ते विचारतात, तुम्ही एकमेकींना सारखी गव्हाची पोती का पाठवायचात? गरिबांना मदत म्हणून? दान म्हणून?” आणि हळूच पुढं जोडलं, “हो म्हण. छान वाटेल त्यांना.”

दान.

धनश्रीला माजलगावच्या वाटेवरचं रान दिसलं. दिवसभर चालून आलेले आबा वाघूर ताणतायत, माय चूल मांडतीय, आणि सकाळी शेतकरी पायली भरून ज्वारी ओततोय. ती ज्वारी कुणी फुकट घातली नव्हती आबांच्या पदरात. आणि आबांना भीक घालतात असं फिनलंडातल्या माणसांनी समजावं? हो म्हण म्हणे!

“नॉट गिफ्ट!” माईक खणखणला. मॅडम दचकल्या. “नॉट दान! माय फादर हॅज शीप. शीप सिट इन फील्ड. फुल नाइट. अँड शीप...” पुढचा शब्द येईना. “मॅडम, लेंडीला इंग्रजीत काय म्हणतात?”

“मला माहीत नाही,” नीलम्मा मॅडम म्हणाल्या. अख्ख्या नोकरीत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. “आणि मला माहीत करूनही घ्यायचं नाही. खाली बस.”

धनश्री बसली नाही. तिनं वाडग्यातल्या काळ्या गोळ्या मूठभर घेतल्या, दुसऱ्या हातात कापसाची मेंढी धरली, आणि मेंढीला टेबलावरून टुकूटुकू चालवत मागून एकेक गोळी सोडू लागली. टप. टप. टप. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“दिस!” ती म्हणाली. “दिस मेक व्हीट! युवर शीप, व्हाय नॉट डू?”

 आधी दाढीवाला फुटला. खुर्चीतून खालीच आला हसत हसत. मग सगळेच. कुणी मोबाइल काढून शूटिंग करत होतं, कुणी डोळे पुसत होतं. मॅडमनी शाल डोक्यावरून ओढून घेतली.

आयनो मात्र हसली नाही. तिनं टेबलावरच्या गोळ्यांची ओळ नीट बघितली. मग खुर्ची ओढून धनश्रीसमोर बसली.

“म्हणजे मैत्री नव्हती ती?” मॅडमनी शालीतून भाषांतर केलं.

धनश्रीला वाईट वाटलं. पण खोटं तरी का बोलायचं? “मॅडम, त्यांना सांगा, दोन्ही होतं. ज्या रानात आमी बसतो त्यांच्या घरच्या लग्नाला आबा जातात, आणि आमच्या घरचं कार्य असलं की ते येतात. आधी लेंडी, मग ओळख, मग बदाम. त्यांचा बदाम चुकीचा न्हाई. नुसता वरवरचा हाय.”

मॅडमनी हे सगळं इतक्या मनापासून सांगितलं, की शाल खाली घसरली ते त्यांना कळलंही नाही. आयनोचा चेहरा उजळला. ती उठली, भिंतीवरच्या फळ्यावर एक मेंढी काढली, मेंढीमागं ठिपके काढले, आणि प्रश्नांची सरबत्ती लावली. एका रानात किती रात्री बसवायची? जास्त झालं तर पीक जळतं का? पाऊस आला तर? आणि रानाचं पोट भरलं, आता उठावं, हे कशावरून कळतं?





धनश्रीला यातलं एकही उत्तर ठाऊक नव्हतं. सुट्टीत ती गावी आजीजवळ राहायची नाहीतर क्लासला जायची. वाघरीला हात लावला की आबा ओरडायचे, “पुस्तक धर, जाळी नकू.” तिनंही कधी हट्ट केला नव्हता. लेंडी नाव नको म्हणून लेंडीकडं पाहिलंच नव्हतं. गेममध्ये वर्षभर कळप हाकला, पण घरचा कळप ती लांबूनच बघत आली होती.

“आय डोन्ट नो,” ती म्हणाली. गंमत म्हणजे हे म्हणताना तिची मान खाली गेली नाही. “बट आय विल नो.”

आयनोनं फळ्यावरचं काही पुसलं नाही. खाली फक्त धनश्रीचं नाव लिहिलं आणि खडू ठेवून दिला. तुझं उत्तर आल्याशिवाय पुढं काही करणार नाही, म्हणाली.

विमानातून उतरेपर्यंत तो व्हिडिओ गेवराईत पोचला होता. योगिताचा मेसेज होता, ‘सरदारीण!!!’ आणि त्याखाली वैष्णवीचा, ‘मास्क रद्द’. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी जुनं नाव पुन्हा काढलंच होतं. धनश्रीनं ते बघितलं, जरा वेळ विचार केला, आणि ग्रुपवर स्वतःचं नावच बदलून टाकलं. ‘लेंडी सरदारीण, फिनलंड रिटर्न’. 

ती गावी गेली नाही. मॅडमनी तिला थेट माजलगावच्या अलीकडं, कालव्याच्या कडेच्या रानात नेऊन सोडलं. तिथं आबांचा मुक्काम होता. दिवस कलला होता. आबा मेखा ठोकत होते, माय, म्हणजे केसरबाई, वाघूर सोडवत होती. मेंढरं बाजूला गोळा होऊन उभी. फिनलंडचं जाकीट बघून कुत्रं भुंकायला लागलं.

“व्हिडू दावला गावच्या पोरांनी,” आबा मान वर न करता म्हणाले. “मी काय सांगितलं व्हतं तुला?”

“मेंढरांचं काढू नकू म्हनून.”

“आन तू?”

“मेंढरांचं काय घेऊन बसलात, आबा, मी तर लेंड्याच काढल्या.”

केसरबाईला हसू आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला. “लई हसले असतील तुला लोक,” आबा म्हणाले. पण आवाज मघासारखा नव्हता.

“हसले. मग गप बसून विचारायला लागले. एका रानात किती राती बसवायची, रानाचं पोट भरलं हे कसं कळतं. आन तुमची लेक असून मला सांगता आलं न्हाई.”

आबांच्या हातातला दगड थांबला. त्यांच्या कामाबद्दल एवढ्या लांबून कुणी काही विचारील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. “त्यात काय एवढं?” ते म्हणाले. “बस हितं. सांगतो तुला. मग क्लासला जा उद्या.”

“सांगून न्हाई कळायचं, आबा.” धनश्रीनं जाकीट काढून मायच्या हातात दिलं आणि वाघरीचं दुसरं टोक उचललं. “आता नीट ऐका दोघं बी. उद्या मी क्लासला जाणार न्हाई. शाळा उघडेपातुर मी हितंच राहणार, आन मे महिन्याची सुट्टी बी तुमच्यासंगंच. मला मोठेपणी गेम करायचाय. पण आधी हे शिकणार, मग ते. हां, ओढा तिकडून!”