आंबा घाटाची ड्युटी

“लातूर सोडायचं चार चाळीसला,” अप्पांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं. “चार पंचेचाळीसला जो गाडीत नसंल, त्यानं मागून एसटीनं यावं.”

विरूपाक्षअप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी प्रवास म्हटला की त्यांना ड्युटीच दिसायची. सव्वीस जानेवारीला जोडून तीन दिवसांची सुट्टी आली होती. सोलापूर, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून गणपतीपुळे. दुसऱ्या दिवशी समुद्राच्या कडेकडेनं आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी. चहाला थांबायचं तर एसटी स्टँडवरच. त्यांच्या सुनेनं, शिवानीनं, मोबाइलवर चांगली हॉटेलं काढून दाखवली, तर म्हणाले, हॉटेल आज असतं, उद्या नसतं. स्टँड कुठं पळून जात नाही.

“एकतीस वर्षं गाडी चालवली, मला तुळजापूरच्या म्होरं न्हाई नेलं,” उमादेवी भाकरी थापता थापता म्हणाल्या. “आता म्हातारपणी समुद्र दाखवायलेत.”

“तवा गाडी लोकांची व्हती. आता घरची हाय.”

घरची गाडी म्हणजे दिवाळीत सोमेशनं घेतलेली जुनी कार. सोमेश ती औशापर्यंत बिनघोर न्यायचा, पण घाटाचं नाव काढलं की वडिलांकडे बघायचा. म्हणून कागदावर कोल्हापूर ते रत्नागिरी या टप्प्यापुढं अप्पांनी स्वतःचं नाव घालून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. ते नाव खोडलं, तर सहलच उरत नव्हती.

आणि शिवानीला जायचं होतं. लग्नाला पाच वर्षं झाली, नांदेडचं माहेर आणि लातूरचं सासर एवढीच तिची धाव. चार वर्षांच्या अंबिकेसाठी तिनं वाळूत घालायच्या चपला आणल्या होत्या. तापाचं औषध, उलटीसाठी पिशव्या, रात्रीचे कपडे असं सगळं पंधरा दिवस आधीच बांधून ठेवलं होतं. काय काय होऊ शकेल ते तिच्या मनात आधीच होऊन जायचं. सोमेश म्हणायचा, तुझ्या डोक्यात रोज एक अपघात असतो.

रविवारी जेवताना तिनं अप्पांचं ताट वाढलं. उजवीकडं भाजी आणि वरण, डावीकडं लिंबाची फोड आणि शेंगाची चटणी. अप्पांनी भाजी संपवली, वरण संपवलं. चटणीला मात्र बोट लागलं नाही. भाकरीआधी चटणी मागणारा हा माणूस. पित्त झालं असेल, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात उमादेवी गरम भाकरी घेऊन आल्या आणि त्यांनी बोटानं ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडं आली. अप्पा ती भाकरीला लावून खाऊ लागले, जणू आत्ताच वाढली होती. उमादेवींनी एकवार सुनेकडं पाहिलं आणि झटकन तव्याकडं वळल्या. ही ताट फिरवण्याची सवय आजची नव्हती.

संध्याकाळी अप्पा चाकांत हवा भरायला निघाले, तेव्हा शिवानी अंबिकेला आजीजवळ ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. रिंगरोडच्या वळणावर डावीकडून एक बाई दोन शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती. लांबून दिसत होती. गाडीचा वेग काही कमी होईना.

“अप्पा, थांबा.”

पाय मात्र अजून ड्रायव्हरचाच होता. गाडी शेळीच्या हातभर अलीकडं थांबली. बाईनं बॉनेटवर थाप मारली. “डोळे काय गहाण टाकले का रं, म्हाताऱ्या?”

ती गेल्यावर अप्पांनी विचारलं, “कव्हा आली ती?”

“आधीपासूनच होती, अप्पा.”

तिनं डावीकडं बघून रस्ता मोकळा असल्याचं सांगितलं, तशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग स्टिअरिंगकडं बघत थोडं थोडं सांगितलं. श्रावणात एका सकाळी डोकं गरगरलं होतं. तेव्हापासून डावीकडचं दिसेनासं झालं. अंधार नाही, काही नाही. तिथं जग संपतं. उदगीरच्या डॉक्टरानं गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. उमादेवींना माहीत होतं. सोमेशला नाही.

“सोम्याला सांगू नगंस, माय,” ते म्हणाले. “मी मान वळवू-वळवू चालवीन. लोकांची लेकरं जन्मभर पोचवली. आपल्या घरच्यांस्नी एकडाव न्यायचंय.”

ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. घाट तासाभराचा, ती शेजारी बसून डावीकडचं सांगत राहिली असती. क्षणभर तिनं तसा हिशेबही केला.

“मागं अंबिका बसणार आहे, अप्पा.”

अप्पांनी मान हलवली. किल्ली काढून तिच्या ओंजळीत ठेवली, आणि स्वतःच सोमेशला फोन लावला. “रिंगरोडला ये. गाडी घरी न्यायचीय तुला.”

सगळं कळल्यावर सोमेश आधी चिडला, मग रडवेला झाला. भाड्यानं ड्रायव्हर घेऊ म्हणाला. अप्पा म्हणाले, तुम्ही जावा. कुणीच गेलं नाही; सोमेशनं फोन करून गणपतीपुळ्याला ठरवलेल्या खोल्या सोडल्या. स्वयंपाकघरात उमादेवी म्हणाल्या, “तू बोललीस ते बरं केलंस. माझ्यानं व्हईना.” असं म्हणाल्या खऱ्या, पण दोन दिवस सुनेशी धड बोलल्या नाहीत.

सव्वीस जानेवारीला अंबिकेच्या बालवाडीत झेंडावंदन होतं. अप्पा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे. मी नेतो, म्हणाले, चालत.

शिवानी नको म्हणायला गेली, मग तिनं अंबिकेला पुढं केलं.

ती फाटकाशी उभी राहून बघत होती. अप्पांनी नातीला उजव्या हाताला धरलं होतं, जिथं ती त्यांना दिसत होती. डावा तळवा शेजारच्यांच्या भिंतीला टेकवून ते चालत होते. एका घराची भिंत, मग दुसऱ्याची, मध्ये लोखंडी फाटक. अंबिका काहीतरी सांगत होती आणि ते हां-हां करत होते. पुढं मोकळा प्लॉट लागला. भिंत संपली. हात तसाच हवेत राहिला, तळवा बाहेरच्या बाजूला धरलेला, आणि अप्पा न थांबता चालत राहिले.