शेवटच्या अंकातलं कुंकू

बारामतीच्या प्रयोगाआधी मेकअपच्या खोलीत मी सुकन्याच्या कपाळावर कुंकू रेखत होते. तिचा नवरा अविराज बारामतीतल्याच एका दवाखान्यात टेबलावर होता. आतडं फुटलं होतं, तातडीचं ऑपरेशन चाललं होतं. आणि इथं शेवटच्या अंकात नायिकेचा नवरा मरतो अन् ती स्वतःच्या हातानं कपाळ पुसते. नाटकाचा सगळा जीव त्यातच.

शेळगावच्या शाळेतल्या गॅदरिंगमधून ही पोरगी व्यावसायिक नाटकात आली, दोन सिनेमांत झळकली. लोणी देवकरच्या कारखान्यातली पाळी संपवून अविराज तिला मोटारसायकलवर तालमीला सोडायचा. ‘प्रयोग सोडू नको,’ असं ऑपरेशनला आत जाताना त्यानंच बजावलं होतं.

दार ढकलून तिची सासू आली. सिंधुबाई, दवाखान्यातून थेट. सुनेचं एकही नाटक तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

“सुकन्या, आज कपाळाला हात लावायचा न्हाय.”

“आत्या, नाटक हाय ओ ते.”

“माझं लेकरू टेबलावर हाय! पुसलंस, तर घराची पायरी चढू नगंस.”

मला असा संताप आला! नवऱ्याच्या काळजीनं जी पोर पांढरीफटक पडली होती, तिलाच धमकी? दिग्दर्शक म्हणाला, पाठ फिरवून पुसल्यासारखं कर, कुणाला कळतंय.

प्रसंग आला. सिंधुबाई माझ्याशेजारी विंगेत उभी, मोबाइल मुठीत. सुकन्यानं हात वर नेला आणि थांबली. तिनं विंगेकडं पाहिलं. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला असेल. मी मनात म्हणत होते, फिर बाई, पाठ फिरव.

ती फिरली नाही. अख्ख्या पंजानं पुसलं, कानापर्यंत लाल पट्टा ओढला गेला. मग ती ओरडली. तालमीत ते ओरडणं कधीच नव्हतं.

आता सिंधुबाई स्टेजवर धावणार, म्हणून मी वळले. तर ती पडदा धरून मटकन खाली बसली होती.

“मालक गेलं तवा मला चौघींनी धरलं हुतं,” ती म्हणाली. “त्यांनीच पुसलं. मला धड वरडूबी दिलं न्हाय.”

पडदा पडला. मोकळ्या कपाळानं सुकन्या समोर येऊन उभी राहिली.

“आत्या, घरी येऊ का नको?”

सिंधुबाईनं माझ्या हातातला करंडा ओढून घेतला. नवरा गेल्यापासून ही बाई हळदीकुंकवाच्या ताटाजवळही उभी राहत नव्हती. तिनं बोट बुडवलं.

“हालू नगंस,” म्हणाली, आणि सुनेला कुंकू लावलं.

तेवढ्यात तिच्या मुठीतून खाली पडलेला मोबाइल वाजला. दोघींचाही हात पुढं होईना, शेवटी मीच उचलला. दवाखान्यात थांबलेले अविराजचे चुलते, गेणबा, बोलत होते.

“शुद्धीवर आलाय. परयोग झाला का, इचारतोय.”

मी दोघींना सांगितलं. सुकन्या हुंदके देत होती.

“झाला म्हनावं त्याला,” सिंधुबाई म्हणाली. “मी बघितला.”