दिवे नसलेलं मैदान

हनुवटीखालचा प्लॅस्टिकचा खोलगट टेकू गार होता, त्यावर पसरलेला कागदाचा तुकडा श्वासाने ओलसर होत चालला होता, आणि बाकी खोलीत बराच वेळ काहीच घडलं नव्हतं. समोर एक पांढरी पोकळ अर्धगोल भिंत – आकाशाचा घुमट कुणी हातभर अंतरावर आणून ठेवावा तशी. तिच्या मधोमध काळा ठिपका, उजव्या डोळ्यावर पट्टी, मुठीत बटण. कडेने प्रकाशाचा एक कण आत सरकत येईल, दिसला की दाब, एवढंच सुलभामावशींनी सांगितलं होतं. त्या घुमटापलीकडे बसून नळीतून त्याचा डोळा न्याहाळत होत्या, आणि आता बोलेनाशा झाल्या होत्या. विनयला कळत होतं, ही शांतता कण नसल्याची नाही. कण कुठेतरी आहे, सरकतो आहे...

मग त्याला यंत्राचा दांडा किंचित कुरकुरल्यासारखा वाटला. त्याने बटण दाबलं.

पुन्हा कुरकुर, पुन्हा बटण. हे तर त्याला येत होतं – गेले दोन मोसम तो दुसरं काय करत आला होता? बेसबॉलच्या मैदानात मधोमध मागे, सेंटर फील्डमध्ये, बॅटपासून शंभर यार्डांवर एकट्याने उभं राहायचं, आणि चेंडू दिसण्याची वाट पाहायचीच नाही. लाकडाचा आवाज कोरडा फुटला की मागे धावायचं, बद्द आला की पुढे. शेजारच्याचे खांदे कुठे वळतात ते बघायचं. प्रेक्षकांचा गलका कुठल्या बाजूने उठतो ते ऐकायचं. मैदानाचे दिवे लागलेले असतात, पण आकाश अजून विझलेलं नसतं, त्या तिन्हीसांजेला चेंडू वर जाऊन जणू विरघळायचा, आणि थेट ग्लव्हमध्येच पुन्हा जन्म घ्यायचा. कधीकधी घ्यायचा नाही. आधी त्याने लहान गावांतल्या मिणमिणत्या दिव्यांना दोष दिला, मग बसमधल्या रात्रींना, मग वयाला – सव्विसाव्या वर्षी! सहा वर्षं, चार गावं, एकेक पायरी वर... आणि आता आयोवातल्या या संघाच्या मॅनेजरने जेवताना सहज म्हटलं होतं, “व्हिनी, सप्टेंबरमध्ये बॅग भरून ठेव.” बॅग भरायची ती शिकागोच्या मोठ्या संघासाठी, सबंध आयुष्य ज्या एका वाक्याच्या रोखाने धावलो, ते वाक्य पाव फाडता फाडता कुणीतरी बोलून गेलं.

“विनय,” घुमटापलीकडून मावशी म्हणाल्या, “आत्ता दोनदा दाबलंस तू. मी लाइट लावलाच नव्हता.”

तो हसला. हसण्याचा आवाज घुमटात शिरून त्याच्याच तोंडावर आला.

“सॉरी, मावशी. हॅबिट.”

“कॅरममध्येही अशीच चीटिंग करायचास. तुझी आई मलाच रागवायची, तू त्याला जिंकू देतेस म्हणून.”

त्यांनी खोलीतला दिवा लावला, पट्टी काढली. ट्रॉयहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला त्या राहायला आल्या तेव्हा विनय शाळेत होता. त्यांच्या मागच्या अंगणात त्याने दोन खिडक्या फोडल्या होत्या. आज मात्र त्या त्याच्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरने पेशंटकडे पाहावं तशा पाहत होत्या.

“गालावर काय लागलंय?”

“डेनिस. लेफ्ट फील्डर आमचा. गुरुवारी आम्ही दोघं एकाच बॉलवर गेलो.”

“दिसला नाही तुला?”

“त्याचा खांदा गेला, मावशी. सीझन संपला त्याचा. आणि तोच मला सॉरी म्हणाला – मी मोठ्याने ओरडायला हवं होतं म्हणून.” तो ओरडला होता. हे विनयने सांगितलं नाही.

मावशींनी दोन्ही हातांची बोटं जुळवून एक वर्तुळ केलं, पुरीएवढं, आणि ते त्याच्यासमोर हात लांब करून धरलं. “एवढं उरलंय. आधी रात्रीचं जातं, मग कडा जातात. हळूहळू. ऑपरेशन नाही यावर, चष्मा नाही. तुला खोटं काय सांगू?”

वर्तुळातून त्याला मावशींचा चेहरा स्वच्छ दिसला. तो चेहरा रडवेला नव्हता, आणि हे त्याला बरं वाटलं.

“पण शिकागोत... होम गेम्स दिवसाच असतात. दिवेच नाहीयेत त्या मैदानाला.”

हे मोठ्याने उच्चारल्यावर त्याला कळलं, की दोन वर्षं आपण या एकाच गोष्टीवर जगलो. सबंध देशात असं एकच मोठं मैदान, जिथे चेंडू अजून फक्त सूर्याच्या हाती होता. तिथवर पोचलं की निदान अर्धे सामने – अर्धं आयुष्य...

“अरे, लावतायत ना आता! रोज न्यूजमध्ये तेच. आमच्याकडे तर पहिल्या नाइट गेमची तिकिटं मिळवायची धडपड चाललीय.” त्या थांबल्या. “तुला माहीत होतं.”

माहीत होतं. स्टेडियमच्या छतावर चढत गेलेला दिव्यांचा पोलादी सांगाडा त्याने स्वतः पाहिला होता, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून, आणि तरी ती आशा त्याने सोडली नव्हती. मेलेल्या माणसाचं ताट वाढत राहावं तशी ती जपली होती.

“आणि दिवसासुद्धा, विनय, शेजारचा माणूस दिसत नाहीये तुला. उद्या मॅच आहे?”

“रात्रीची.”

“डेनिसच्या जागी कोण?”

“नवा आहे कोणी. कालच आला.”

“मग फोन कर तुझ्या टीमला. इथून कर. मी आईला काही बोलणार नाही, पण त्यांना तूच सांगायला हवंस.”

त्याने टेबलावरच्या किल्ल्यांकडे हात नेला. पहिल्यांदा बोटं नुसत्या लाकडावर पडली, मग त्या सापडल्या. कुणाला तरी कळेल, ही भीती दोन वर्षं त्याच्या बरोबर झोपत-उठत होती. आज कुणाला तरी कळलं होतं, आणि भीती सरळ उठून निघून गेली होती. तिच्या रिकाम्या जागी आता जे येऊन बसलं होतं ते फार शांत होतं – उद्या संध्याकाळी आपण तिथेच उभे असणार आहोत, गवतावर, आणि तो नवा मुलगा डावीकडून, पुरीएवढ्या जगाच्या बाहेरून, विश्वासाने धावत येणार आहे.

“विनय? सांगशील ना?”

तो दारातून बाहेर पडला होता. मावशींनी पुन्हा हाक मारली, या वेळी त्याच्या लहानपणीच्या नावाने; मागे वळून न पाहता तो कॉरिडॉरमधून चालत राहिला.