कचेरी परतण्याआधी

मध्यभारत सरकारच्या राजधान्या दोन होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. फायलींच्या पेट्या, टंकयंत्रं आणि कारकून वर्षातून दोनदा आगगाडीत बसत. सगळे या थाटाची थट्टा करत, मीही यथेच्छ केली आहे. पण रामबागेतल्या एका घरात या ये-जा करण्याला वेगळाच अर्थ होता. कचेरी ग्वाल्हेरला असली की त्या घरातली सून मार खात नसे.

मी तेव्हा तुकोगंजातल्या बाळ-केंद्रात नर्स होते. सुहासिनी माझं नाव, पण हाक ‘नर्सबाई’ हीच. सकाळी केंद्रावर बाळांची तपासणी आणि दुपारी घरोघर फेरी. अशाच एका फेरीत मी भर पावसाळ्यात चारुलताच्या घरी गेले. तिचा मुकुंद तान्हा होता आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

“पाळण्यातून पडला,” सासूबाई म्हणाल्या.

“ज्याला अजून कुशीवर वळता येत नाही ते पोर पाळण्याबाहेर पडतं कसं, काकू?”

माझी जीभ तिखट, ती काही मी आवरली नाही. सासूबाईंनी, म्हणजे इंदुमतीकाकूंनी, माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा या दारात पाय ठेवायला मिळणार नाही हे मी धरूनच चालले. चारूने पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला.

पण चार दिवसांनी काकू स्वतःच केंद्रावर आल्या, एकट्या. बाकावर बसून रडल्या. “माझा शरद बाहेर देवमाणूस हो. कचेरीत विचारा कोणालाही. घरात शिरला की क्या बताऊं, अंगात येतं त्याच्या. तिला ढकललं, ती बाळासकट पडली. मी पण नवऱ्याचा मार खाल्लाय, बाई. पण या लेकराला लागलं ते नाही बघवत.”

त्या दिवसापासून काकू माझ्या झाल्या. खरं सांगायचं तर मी भाळलेच त्यांच्यावर. मुलाच्या विरुद्ध बोलणारी सासू मी तोवर पाहिली नव्हती.

दिवाळीनंतर कचेरी ग्वाल्हेरला गेली. तिथे राहायला जागा मिळेना म्हणून शरदने बिऱ्हाड इंदुरातच ठेवलं. घराच्या खिडक्या उघडल्या. मुकुंदचं हाड सांधलं, चारूला दूध भरपूर येऊ लागलं आणि पोराने असं बाळसं धरलं की केंद्रावरच्या बायका त्याचे गाल ओढत. माझी फेरी नसली तरी मी त्या घरी जायची. काकू चहा टाकायच्या, वर शेव-पोहे. आणि आम्ही तिघी मिळून बेत करायचो.

बेत साधा होता. रंगपंचमीनंतर कचेरी इंदुराला परतणार. त्याच्या आधी मी चारूला आणि मुकुंदला उज्जैनला पोचवायचं, तिच्या थोरल्या बहिणीकडे. बहीण शशिकला आणि तिचा मास्तर नवरा यांना मी स्वतः जाऊन भेटून आले होते. मास्तर म्हणाले होते, “येऊ दे. दोन पोळ्या जास्त लागतील, बस्स.”

चारूच कच खात होती. “मी गेले तर ते काकूंवर राग काढतील, नर्सबाई.”

“मेरी फिकर मत कर,” काकू म्हणाल्या. “जन्मदात्या आईचं काय करणार तो? एकदा हाड सांधलं, दर वेळी सांधेल काय? तू पोराला घेऊन निघ.” आणि त्यांनी मुकुंदच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की शरदला अवाक्षर कळणार नाही. त्या शपथेवरच चारू तयार झाली. मीही.

ठरल्या सकाळी मी टांगा घेऊन गेले. दार काकूंनी उघडलं. आतून शिऱ्याचा वास येत होता. खुंटीवर पुरुषाचा कोट होता आणि शरद मुकुंदला मांडीवर घेऊन पाटावर बसला होता. कचेरी यायला अजून आठवडा होता.

“या, नर्सबाई,” तो अगदी अदबीने म्हणाला. “उज्जैनला निघाला होतात म्हणे?”

स्वयंपाकघराच्या दारात चारू उभी होती. तिचा ओठ सुजला होता.

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

तो नुसता हसला. उत्तर काकूंनी दिलं, माझ्याकडे न बघता, सुनेकडे बघत. “आता लपवून काय फायदा, चारू? नर्सबाईंनीच निरोप धाडला शरदला. डरल्या बिचाऱ्या. सरकारी नोकरी आहे ना त्यांची.”

क्षणभर मला कळेचना की हे माझ्याबद्दल चाललं आहे. मग माझं डोकं फिरलं. “काकू! लाज नाही वाटत? या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला होतात तुम्ही! चारू, हिनेच सांगितलं. हिनेच!”

गल्लीत ऐकू जाईल इतकी मी ओरडले. शरद मुकुंदला शिरा भरवत राहिला. खरं काय ते त्याला ठाऊक होतं आणि त्याला मजा येत होती. चारूने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग ती काकूंच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“नर्सबाई, तुम्ही असं करायला नको होतं,” ती म्हणाली.

“चला, झालं,” शरद म्हणाला. “मुलाला आता आम्ही दुसरीकडे दाखवू.”

काकू मला सोडायला ओट्यापर्यंत आल्या. मी त्यांना शिव्या घालणार होते, पण त्याच आधी बोलल्या, हळू आवाजात. “कचेरीतला चपराशी सुटीवर आला होता, त्याच्याकडे सांगून पाठवलं मी. देखो बाई, नातू गेला असता. सून गेली म्हणून मुलाने मलाही घराबाहेर काढलं असतं. या वयात मी कुठे जाऊ? तुमचं काय, तुम्हाला दुसरी घरं आहेत.” डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरंही असेल. मला त्याची किळस आली.

“बाईजी, सवारी नी आई?” टांगेवाल्याने विचारलं. कोणी येणार नाही, अशी मी मान हलवली.

तेवढ्यात चारू बाहेर आली. हातात केंद्राने दिलेली माशाच्या तेलाची बाटली होती. “ही तुमची बाटली परत द्यायला सांगितलंय,” ती घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. काकू आत वळल्या.

“चारू, देवाशप्पथ, मी नाही सांगितलं.”

“माहीत आहे मला.” तिने बाटली माझ्या हातात दिली. “काल ते अचानक आले, तेव्हा काकूंना जराही नवल वाटलं नाही. तेव्हाच कळलं.”

“मग आत असं का बोललीस?”

“त्यांनी मारायला हात उचलला की मधे पडायला घरात काकूच आहेत. तुम्ही नाही. काकूंना खोटं पाडलं तर त्याही मधे पडायच्या नाहीत.” ती जराही रडत नव्हती. “मुकुंदसाठी मला त्या हव्यात. तुम्ही आता येऊ नका, नर्सबाई. भेटलात तरी ओळख दाखवू नका.”

आणि तिने दार लावून घेतलं.