लाल कापडाखालचं टपाल

गुरुवारी सकाळी मच्छीमार सोसायटीच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. आगरदांड्याच्या जेटीपासून थोडा आत वसलेला हा कोळीवाडा. घरटी एक तरी पोरगा मोठ्या जहाजावर. कुणी आखातात, कुणी त्याच्याही पलीकडे. भर समुद्रात फोन लागत नाही, म्हणून पोरं सोसायटीच्या पत्त्यावर मेल करायची, आणि ती पत्रं उतरायची सोसायटीच्या एकुलत्या एका जुन्या संगणकावर. दसऱ्यापासून मात्र ती आपसूक उतरत नव्हती. धर्माबुवा उतरवत होते.

"सगळ्यांनी समुद्राकडे तोंड करा, डोळे मिटा," बुवा सांगायचे. "यंत्र लाजाळू आहे."

बाया लगबगीनं वळायच्या. बुवा संगणकाच्या त्या टीव्हीएवढ्या डब्यावर लाल कापड टाकायचे, जुन्या फोटोवाल्यासारखं डोकं आत घालायचे, आणि मग आतून आवाज यायचा.

"सर्व्हर म्हणजे कोण? सर्व-हर, साक्षात महादेव. आणि हा राऊटर म्हणजे राहू. त्याचा हिरवा डोळा मिचमिचतोय ना, तो त्याचा श्वास. राहू शांत झाल्याबिगर टपाल सुटत नाही. ओम सर्वहराय नमः."

दोन-चार मिनिटांत आतून 'टिंग' असा आवाज व्हायचा आणि पडवीभर हात जोडले जायचे. बुवा कापड बाजूला करून एकेकीला बोलवायचे. जिचं पत्र असेल तिला वाचून दाखवायचे. जिचं नसेल तिला म्हणायचे, "तुझा योग नाही गो. पुढच्या गुरुवारी बघू."

पुढच्या रांगेत कोकिळा बसलेली असे. नवरा वादळात गेला तेव्हापासून मुलगा विनेश हेच तिचं सगळं, आणि तोही आता जहाजावर. तिचे सातातले चार वार उपासाचे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, एकवीरेचं नाव घेतल्याशिवाय मासळीच्या पाटीला हात नाही. तिला कुणाशी मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. आणि धर्मा हा तिचा मानलेला भाऊ. पनवेलच्या सायबर कॅफेत तो नोकरीला होता तेव्हापासून दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. तो पांढरे कपडे घालून गावात परत आला, बुवा झाला, तेव्हा सगळ्यांत आधी पाया पडली ती कोकिळाच.

गोष्ट सुरू झाली खंडेनवमीला. त्या दिवशी कोळीवाड्यात हत्यारं पुजतात. होड्यांची इंजिनं, कोयते, सुया, जाळी ओढायची चाकं, सगळी धुऊनपुसून फुलं वाहायची आणि दिवसभर त्यांना काम लावायचं नाही. सोसायटीचा कारकून सदा यानंही पहिल्यांदाच संगणकाची पूजा मांडली. सगळ्या वायरी काढल्या, यंत्र पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी वायरी लावल्या, तर पडदा उजळला पण मेल काही येईना. इंग्रजीत एक चौकट उमटायची, सदा ती घाईनं मिटवायचा, ती पुन्हा उमटायची.

तेव्हा धर्माबुवा आले. त्यांनी यंत्र हुंगलं, डोळे मिटले आणि निदान सांगितलं. वायरीतून समंध शिरलाय. उपायही सांगितला. दर गुरुवारी शांत करायचं, आणि संध्याकाळी यंत्राला पूर्ण निजवायचं. वायर भिंतीतून उपटून काढायची, नुसतं बटण बंद करून भागायचं नाही.

सदानं ते इमानेइतबारे पाळलं. मेल फक्त गुरुवारी यायला लागले, तेही बुवा असतील तरच. गावातली पहिली सुरमई बुवांच्या घरी जायला लागली. कोकिळेला मात्र त्यांनी सांगितलं होतं, "ताय, पोरगा पाण्यावर आहे तोवर तू मासळी खाऊ नको." तिनं सोडली. "सोमवती अमावास्येला हरिहरेश्वरला प्रदक्षिणा घाल," म्हणाले. तिनं तीही घातली. आणि एवढं करून विनेशचं पत्र महिन्यातून एखादं, तेही चार ओळींचं.

*

संक्रांतीनंतर हायस्कुलात विज्ञान शिकवायला मृणालीबाई आल्या. एका मंगळवारी दुपारी शाळेचं काही पाठवायचं म्हणून त्या सोसायटीत आल्या. कोकिळा तिथं केर काढत होती. ती सेवाही बुवांनीच नेमून दिलेली.

"बाई, आज न्हाय व्हायचं," सदा म्हणाला. "गुरुवारी या. आज यंत्र निजलंय."

"मग उठवा की."

सदानं नाइलाजानं वायर लावली. चौकट उमटली. मृणालीबाईंनी ती मिटवली नाही, वाचली. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवून त्या थांबल्या.

"मावशी, आज वार कोणता?"

"मंगळवार," कोकिळा म्हणाली. "माघी पुनव."

"हे यंत्र म्हणतंय बुधवार, एक जानेवारी दोन हजार तीन."

सदा हसला. "वय झालं बिचाऱ्याचं."

"वय नाही, सेल संपलाय. याच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. वायर काढली तरी घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तो कधीच मेलेला असणार. पण तुम्ही पूर्वी वायर काढत होता का?"

"कधीच न्हाय. खंडेनवमीलाच पहिल्यांदा काढली."

"म्हणजे तोवर घड्याळाला भिंतीतून वीज मिळत होती. आता वायर काढली की घड्याळ मरतं, लावली की नऊ वर्षं मागं जाऊन उठतं." बाईंनी तारीख बदलायला घेतली. "आणि पत्रं देणारं ठिकाण आधी आपलं ओळखपत्र दाखवतं. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे त्यावर असतं. यंत्राच्या लेखी ते ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग ते दार कशाला उघडेल?"

त्यांनी तारीख लावली, एक कळ दाबली आणि यंत्र 'टिंग' वाजलं. कापड नाही, राहू नाही. मंगळवारी भर दुपारी शाळेचं काम बिनबोभाट गेलं.

सदा खुर्चीत बसूनच राहिला. "म्हंजे रोज संध्याकाळी मीच..."

"तुम्हाला सांगितलं, तुम्ही केलंत. पण ज्यानं सांगितलं त्याला हे माहीत असणार."

"न्हाय बाई," कोकिळा हळूच म्हणाली. "दादा देवमाणूस हाय. देवानं त्याला तारीख सुचवली असंल. हे सेलबिल त्याला काय ठावं?"

घरी आल्यावर मात्र तिला एक गोष्ट आठवली. पनवेलच्या कॅफेत धर्मा संगणकच दुरुस्त करायचा, हे तिनंच अभिमानानं साऱ्या वाड्याला सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. तिला त्याला पकडायचं नव्हतं. 'माहीत होतं, चुकलो' एवढं त्यानं म्हटलं असतं तरी तिनं पदर पसरून माफ केलं असतं. बुवा जेवत होते. ताटात सुरमईची तुकडी होती.

"दादा, त्या यंत्राच्या कोपऱ्यात वार चुकतो म्हनं."

बुवांचा हात क्षणभर ताटात थांबला. "कोण म्हणालं?"

"सहज दिसला."

"समंधाचा काळ मागं धावतो, ताय. म्हणून तर मी कापड टाकतो. तू त्या कोपऱ्यात बघत जाऊ नको, विनेशला त्रास होईल." आणि त्यांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

कोकिळा तशीच घरी परतली. विनेशचं नाव त्यानं किती सहज मधे घातलं, तेच तिला बोचत राहिलं.

*

गुरुवारी पडवी भरली. बुवांनी कापड झटकलं. "समुद्राकडे तोंड करा."

सगळ्या वळल्या. कोकिळा वळली नाही.

"ताय, वळ."

"दादा, आज कापड नको टाकूस."

"यंत्र बिघडेल."

"बिघडू दे. मंगळवारी मृणालीबाईंनी कापडाबिगर लावलं, तवा न्हाय बिघडलं."

बायांच्या माना एकेक करून मागं फिरल्या. मृणालीबाई दारात उभ्याच होत्या. त्यांनी सदाला वायर लावायला सांगितली, कोपऱ्यातला बुधवार सगळ्यांना दाखवला, तारीख लावली. 'टिंग' झालं. परवाचं सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं: सेल, घड्याळ, ओळखपत्र, आणि रोज वायर काढायला लावण्यातली मेख.

"रोज संध्याकाळी यंत्र बिघडवायचं आणि गुरुवारी येऊन नीट करायचं," बाई म्हणाल्या. "यात चमत्कार एवढाच की बिघडवायचं काम तुमच्याच हातून करून घेतलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे राहू सेलवर चालतो व्हय?" पडवी हसली.

बुवाही हसले. "विज्ञान आणि अध्यात्म वेगळं नाही, बाई. मी सेलाच्या आतल्या शक्तीलाच शांत करत होतो. आणि पत्रं तर मिळत होती ना सगळ्यांना? कुणाचं नुकसान झालं?"

सगळं तिथंच मिटलंही असतं. पण मृणालीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "या मेलच्या खात्यात टाकून दिलेल्या पत्रांचा एक डबा असतो," त्या म्हणाल्या. "टाकलेलं पत्र लगेच नाहीसं होत नाही. डबा रिकामा करेपर्यंत ते आतच राहतं. हा डबा भरलेला आहे."

बुवा पुढे झाले. "ते जुनं, रद्दी..."

"हितंच उभा रहा, धर्मा," म्हातारी वेणूबाई म्हणाली आणि आपली काठी तिनं त्याच्या वाटेत आडवी धरली.

डब्यात साऱ्या वाड्याची पत्रं होती. बुवा कापडाखाली आधी सगळी डब्यात टाकत, आणि मग त्यातून दर गुरुवारी एखाददुसरं वर काढत. 'तुझा योग नाही' म्हणून परत पाठवलेल्या बायांचे योग तिथं एकाखाली एक पडलेले होते. सगळ्यांत जास्त विनेशचे. तो दर आठवड्याला लिहीत होता.

"वाचा बाई," कोकिळा म्हणाली.

मृणालीबाईंनी एक पत्र उघडलं आणि वाचलं. "आय, आमचं जहाज तेवीस जानेवारीला उरणच्या बंदरात लागतंय. दुपारपर्यंत गेटपर्यंत सोडणार हायेत. तुला बघून लई दिवस झाले. नक्की ये. येताना कायबी आणू नको, नुसती ये."

"तेवीस जानेवारी," कोकिळा म्हणाली. "सोमवार होता. सोमवती."

सोमवती अमावास्या. त्या दिवशी पहाटे धर्मानं स्वतः तिला दिघीच्या बोटीत बसवलं होतं. उरण उत्तरेला, आणि हिला त्यानं दक्षिणेला धाडलं होतं. प्रदक्षिणेची वाट भरतीला बुडते, म्हणून ती हरिहरेश्वरच्या खडकांवर ओहोटीची वाट बघत बसली होती. बंदराच्या गेटावर पोरगा तिची वाट बघत होता. आणि ती देवाला सांगत होती, माझ्या पोराला सुखरूप किनाऱ्याला लाव.

"आणखी एक आहे. दुसऱ्या दिवशीचं. वाचू, मावशी?"

"वाचा."

"आय, दुपारपर्यंत थांबलो. तुझ्याकडं फोन न्हाय, म्हणून मग धर्मामामाला फोन केला. तो म्हणाला, तू देवाला गेलीस, तुला यायचं नव्हतं. रागावलीस का? मी काय चुकलो ते तरी सांग."

सगळ्या बाया बुवांकडे वळल्या.

बुवांनी हात जोडले. "ताय, तू भेटली असतीस तर तो म्हणाला असता, दर आठवड्याला लिहितो. मग सगळंच उघडं... लोकांची श्रद्धा तुटली असती. तुझ्या भल्याचंच..."

"दादा," कोकिळा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खाली होता, त्यामुळे बाकीच्यांना कान द्यावे लागले. "तू मागितलं असतंस तर मी तुला समदं दिलं असतं. मासळी सोड म्हनालास, सोडली. पन तू माझ्या देवालाच माझ्या पोराच्या आड उभा केलास. त्याच्या नावानं मला घरातून भायेर काढलीस. हे मी कुनाला सांगू? देवाला? त्याचंच नाव वापरलंस तू."

धर्मा दाराकडे निघाला. बायांनी त्याला वाट करून दिली. जाताना त्याच्या पाया कुणी पडलं नाही, हातही कुणी उगारला नाही. कोकिळेनंच नको म्हटलं होतं.

वेणूबाई पडवीच्या पायरीवर टेकली. तिच्या नातवाची पत्रंही त्या डब्यात निघाली होती. "कोकिळे," ती म्हणाली, "हे असं असंल तर मग देव तरी हाय का न्हाय गो?"

"हाय गो वेणूबाय. उद्या सकाळी तुळशीला पानी घालनारच हाय मी. पन यंत्र बिघडलं तर देवाला न्हाय हाक मारायची. त्यानं आपल्याला डोळे दिलेत. चौकट येते ती कसली, वायर कशाला काढायची, कापड कशाला टाकतो, हे आपन एकदा तरी इचारलं का? सगळ्या पाठ फिरवून बसलो. जो म्हनंल डोळे मिटा, त्याला पहिलं इचारायचं, का? खऱ्याला त्याचा राग येत न्हाय."

सदानं यंत्राचा डबा उघडला. मृणालीबाईंनी मुरुडहून आणलेला नवा सेल बसवला. घड्याळवाल्याकडे मिळतो तसलाच, चपटा. वायर काढली, पुन्हा लावली. कोपऱ्यात गुरुवारच राहिला. बाया एकेक करून जवळ आल्या आणि त्या कोपऱ्याकडे वाकून बघून गेल्या.

"विनेशला काय लिहू, मावशी?" मृणालीबाईंनी विचारलं.

कोकिळा कधी त्या खुर्चीजवळ गेली नव्हती. ती आता पडद्यासमोर येऊन बसली.

"लिवा, मी रागावले नव्हते. मला ठावंच नव्हतं. मामानं काय केलं ते सगळं लिवा, कायबी झाकू नका." ती पडद्याकडे वाकली. "आनि लिवा, पुढचं बंदर कितीबी लांब असू दे, आधी कळव. मी विचारत विचारत येईन."