मधली जागा

आमची मंडळी दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात होती. मंडळी म्हणजे चर्चची माणसं, पाळक म्हणजे त्यांचा धर्मगुरू, आणि मी त्या पाळकाची बायको. सगळे मला पाळकबाई म्हणत. नावानं हाक मारणारं त्या गावात कुणी नव्हतं.

१९५३ साली मिशनचे साहेब कायमचे मायदेशी गेले आणि कारभार आमच्या ह्यांच्यावर आणि तीन पंचांवर सोपवून गेले. अभिमन कापूस पिकवणारा, शेतकरी घरातून ख्रिस्ती झालेला. पुना महारवाड्यातून आलेला, रेल्वेच्या लायनीवर कामाला. तिघांत बाप्तिस्मा सगळ्यांत आधी त्याचा. तिसरा सुपडू, भिल्लवस्तीतला, अबोल. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की माझ्या पंचांत कधी एकदाही वाद झाला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. वाद होणार कुठून? साहेब विचारत, तिघं 'हो साहेब' म्हणत आणि आपापल्या घरी जात.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. येशूची आठवण म्हणून एकाच भाकरीचे तुकडे सगळ्यांनी खायचे, असा तो विधी. भाकर मी भाजायची, गव्हाची, जाडसर. साहेब असताना ते पंचांच्या मध्ये ताट घेऊन उभे राहत आणि एकेकाच्या हातावर स्वतः तुकडा ठेवत. ह्यांना वाटलं, आता मंडळी आपली झाली, तर पंचांनीच एकमेकांना द्यावं. त्यांनी भाकर मोडली, ताट पुनाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "अभिमनभाऊंना द्या."

अभिमननं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. ती संपेचना. सरकारसाठी झाली, आजाऱ्यांसाठी झाली, दोन्ही वेळच्या गाड्यांच्या उतारूंसाठी झाली. पुना ताट धरून उभा. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ह्या माणसांनी एकमेकांच्या हातचं कधी खाल्लंच नव्हतं. खाल्लं ते साहेबांच्या हातचं. शेवटी ह्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि गीत न म्हणताच उपासना आटोपली.

संध्याकाळी अभिमन आमच्या ओट्यावर आला. माणूस वाईट नव्हता; आमच्या घरावरची कौलं त्यानंच स्वतःच्या गाडीतून आणून दिली होती.

"पाळकसाहेब, आमनामा काही भांडन नही शे," तो म्हणाला. "आम्ही बठ्ठा एकच शेतस. फक्त तुम्ही मझार उभा ऱ्हा. साहेब ऱ्हायेत तसा."

हे म्हणाले, "नाही भाऊ. मी मध्ये उभा राहणार नाही."

झालं. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर कुणी चढेना. गावातल्या बायका विहिरीवर मला आधीच लांब ठेवत, आता मंडळीतल्याही ठेवू लागल्या. पुनासुद्धा बाजारात भेटला तेव्हा नजर चुकवून म्हणाला, "माले काही वाईट नही वाटत, बाई. पाळकसाहेबस्ले सांगा ना, उभं ऱ्हावाले काय जास?" त्याचं हे बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं.

दर महिन्याला मी भाकर भाजायची, हे ती मोडून ताट पुनाच्या हातात द्यायचे, अभिमन प्रार्थना करायचा आणि मोडलेली भाकर तशीच घरी यायची. सोमवारी आम्ही दोघं ती चहात बुडवून खात असू. मंडळीची भाकर नवराबायकोत संपवायची, ह्यात मला लाज वाटायची आणि रागही यायचा. मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला ते आणि मी, आणि आमचंही बोलणं कमी होत चाललेलं. दिवे लागले की हे दाराकडे बघत बसायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, उभे राहा ना मध्ये. तुमचं काय झिजतं?"

"माझी बदली झाल्यावर कोण उभं राहील?" ते म्हणाले. मग दाराकडे बघत म्हणाले, "मलाही माणसं हवीच आहेत गं."

आश्विनात त्यांना हिवताप आला. रविवारी उठवेना. मला म्हणाले, "भाकर घेऊन जा. पुना मोडेल." मी ताट नेऊन टेबलावर ठेवलं आणि पुनाला ह्यांचा निरोप सांगितला. तिथं ह्यांची खुर्ची रिकामी होती. अभिमन हळूच म्हणाला, "पाळकबाई, आज तुम्ही तरी मझार उभ्या ऱ्हा." मी बायकांच्या बाजूला, पार मागं जाऊन बसले.

पुनानं भाकर मोडली आणि ताट उचललं. अभिमननं सवयीनं डोळे मिटले. "हे बापा, आमना पाळकले बरं कर," एवढं म्हणाला आणि अडला. पुढचे शब्द येईनात. त्यानं डोळे उघडले, त्या खुर्चीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांची ओंजळ पुनासमोर धरली.

"दे, पुना."

पुनानं तुकडा ठेवला. अभिमननं तो खाल्ला, ताटातला दुसरा पुनाला भरवला, मग पुनानं सुपडूला दिला. ताट बाकांवरून हातोहात फिरलं. बायका रडत होत्या. उपासना संपली तरी कुणी घरी जाईना. तिघं पंच बाहेर निंबाखाली उभे राहून चर्चच्या गळक्या छपरावरून मोठमोठ्यानं भांडत होते. सुपडूचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. रिकामं ताट घेऊन मी त्यांच्याजवळून गेले. कुणाचं लक्ष गेलं नाही.

घरी हे भिंतीला टेकून बसले होते. मी ताट पुढं केलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं.

"अभिमननं घेतलं? पुनाच्या हातून?"

"घेतलं."

त्यांचा चेहरा उजळला. मग ते ताटात काहीतरी शोधू लागले. आजारी माणसाचा तुकडा पंचांनी घरी आणून द्यायचा, अशी आमच्यात रीत आहे.

"माझा?"

"उरला नाही," मी म्हटलं. "आणि यायची कुणाला आठवण झाली नाही. ते छपराचं बोलताहेत."

"काय ठरवताहेत?"

"ठरत नाहीये. भांडताहेत."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी बोट ओलं करून ताटाच्या कडेचा चुरा टिपला, तोंडात घातला आणि रडू लागले. मी दार उघडंच ठेवलं. दिवे लागेपर्यंत आम्ही दोघं ओट्याकडे बघत बसलो.