कलम मी शोधतो

सेवेचा कायदा आला आणि तो लोकांना समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वॉर्ड ऑफिसात सगळ्यात मोठा आवाज माझा, एवढीच माझी लायकी.

कायदा तसा सरळ होता. आठवड्यातून एक दिवस नेमून दिलेल्या जागी काम करायचं आणि संध्याकाळी चौकात देशाची शपथ घ्यायची. त्याने देशप्रेम वाढेल, असं पहिल्याच कलमात म्हटलं होतं. जागा चिठ्ठ्या टाकून ठरायची, नाहीतर वशिल्याला ऊत आला असता. आणि नेमणुकीशिवाय कुठल्याही सरकारी जागेत कुणी सेवा करायची नाही, इतर दिवशीही नाही. हे मी बोट नाचवून सांगायचो.

माझ्या आत्याला कोर्टाबाहेरचं कुंपण रंगवायचं काम आलं. आत्या गेली कित्येक वर्षं सरकारी इस्पितळात, ज्यांचं कुणी नाही अशा रोग्यांना भरवायला रोज जायची. सध्या तिथे एक गवंडी होता. परांचीवरून पडलेला, अर्धा चेहरा लुळा. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटून घ्यायचा. आत्याच्या जागी चिठ्ठीने एक दुकानदार गेला. माणूस देवभोळा, गोड बोलणारा, पण वाटी भरलेलीच परत आणायचा. इतर दिवशी भरवणाऱ्यांचंही तेच. गवंडी दिवसेंदिवस खंगत चालला.

"मग इतकी वर्षं मी काय करत होते?" आत्याने मला विचारलं.

मी कायदा पुन्हा चाळला. नातेवाइकांना मुभा होती. मी खूश झालो, म्हटलं, तो तुझा भाऊ आहे म्हणून सांग, सापही मरेल आणि लाठीही मोडणार नाही.

"भाऊ असता तर भरवावंच लागलं असतं," ती म्हणाली. "तो माझा कुणी नाही, म्हणून तर मी जाते."

माझं डोकं गरगरलं. ज्याचं ऐकावं त्याचंच बरोबर वाटत होतं, आत्याचंही आणि पहिल्या कलमाचंही. मला दोघांचाही राग आला.

सेवेच्या दिवशी कुंपण अर्धं रंगवून आत्या ब्रश ठेवून निघाली. मी मागोमाग, तिला अडवायलाच निघालो होतो. इस्पितळातल्या वॉर्डाच्या दारात पहारेकऱ्याने तिला थांबवलं, आणि मग मला बघून सुटकेचा निःश्वास टाकला. साहेब आले, आता साहेब ठरवतील.

आतून गवंडी दिसत होता. उशीवर नुसतं डोकं उरलं होतं. आत्याला बघून त्याने तोंड उघडलं. अजून वाटीही आली नव्हती.

"जाऊ द्या यांना," मी म्हणालो.

"कुठल्या कलमाखाली, साहेब?"

"तुम्ही जाऊ द्या. कलम मी शोधतो."

मग मी कोर्टापाशी परत आलो. उरलेलं कुंपण तसंच सोडवेना, म्हणून ब्रश उचलला. माझी नेमणूक नव्हती. रंग बरा बसला, शर्टाचं मात्र वाटोळं झालं.

संध्याकाळी आत्या रिकामी वाटी पदराखाली धरून माझ्या शेजारी उभी राहिली. दोघांनीही त्या दिवशी कायदा मोडला होता. शपथ सुरू झाली. दर आठवड्याला मीच ती सगळ्यांकडून म्हणवून घेतो, पाठ आहे मला. पण त्या दिवशी दुसऱ्याच ओळीला माझा आवाजच फुटेना. पुढची शपथ लोकांनीच पुरी केली.

कलम अजून सापडलेलं नाही. आत्या रोज जाते.